नुसतं बसायला मनाई आहे

डॉक्टरांनी रोज पाऊण तास चालायला सांगितलं. मी बागेत गेलो आणि बसलो.

यात डॉक्टरांचा अवमान काही नव्हता. फाटकापासून बाकापर्यंत मी चालतच गेलो होतो. बाक झकास होता. पाठीवर 'कै.'ने सुरू होणारं एक नाव, डोक्यावर रेन ट्रीची सावली, समोर दहा पावलांवर एक गळका नळ. पुण्यात सावलीतला बाक रिकामा मिळणं म्हणजे लक्ष्मी रस्त्यावर गाडी लावायला जागा मिळण्यासारखं. असा योग सोडून गोल गोल फिरायला मी काही घाण्याचा बैल नाही.

पाचव्या मिनिटाला वॉचमन आला.

"काका, बरं वाटत नाही का?"

"बरं वाटतंय. म्हणून तर बसलोय."

तो हलला नाही. "कुणाची वाट बघताय?"

"नाही."

"मग?"

या 'मग'चं उत्तर माझ्याकडे नव्हतं. चाळीस वर्षं नोकरीत मी बहुतांश बसूनच होतो, पण तिथे समोर टेबल होतं, त्यामुळे 'मग?' असं कुणी विचारलं नाही. मी म्हटलं, "बघतोय." तो माझ्या नजरेच्या दिशेने बघून आला. तिकडे नळ होता. नळावर एक साळुंकी. त्याने मान हलवली आणि तो गेला. पण लांब गेला नाही, मी दिसेन इतपतच गेला.

बागेच्या फाटकाशी नियमांची पाटी आहे. फुलं तोडू नयेत, हिरवळीवर बसू नये, चेंडू आणू नये, खाद्यपदार्थ आणू नयेत, झोक्यावर बारा वर्षांवरच्यांनी बसू नये. मी ती दोनदा वाचली. 'बाकावर विनाकारण बसू नये' असं त्यात कुठेही नाही. लिहायची वेळच आली नसावी, कारण विनाकारण कुणी येतच नाही. बागेत शिरणाऱ्या प्रत्येकाकडे येण्याचं कारण असतं आणि ते लांबून दिसेल अशा बेताने त्याने हातात धरलेलं असतं. कुणाकडे नातू, कुणाकडे साखळीला कुत्रा, कुणाकडे योगासनांची सतरंजी. ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्याकडे मधुमेह असतो.

तो माझ्याकडेही आहे. पण बसलेल्या माणसाचा मधुमेह दिसत नाही.

चालणाऱ्यांचा दिसतो. आमच्या बागेत चालायची दिशा ठरलेली आहे, प्रदक्षिणेची. पाटीवर नाही, पण मोडून बघा. एक गृहस्थ रोज उलटे फिरतात. त्यामुळे प्रत्येक फेरीत ते प्रत्येकाला दोनदा समोरून भेटतात आणि दोन्ही वेळा नमस्कार घालतात. गेली तीन वर्षं बाग त्यांच्यावर नाराज आहे. बाकी सगळ्यांच्या मनगटावर घड्याळ आहे आणि घड्याळात दहा हजार पावलांचं कर्ज आहे. ते फेडल्याशिवाय घरी जाता येत नाही. 9,700 वर फाटक गाठलेले एक साहेब उरलेली तीनशे फाटकातच, जागच्या जागी, कवायतीतल्या शिपायासारखी फेडतात. तेवढा वेळ बाहेरचे बाहेर आणि आतले आत. एका आजींनी त्याहून नामी युक्ती काढली आहे. घड्याळ नातवाच्या मनगटावर बांधायचं आणि त्याला घसरगुंडीकडे सोडून द्यायचं. नातू धावतो, पावलं आजींच्या खात्यात. शेवया मोडत बसल्याजागी त्या रोज बारा हजार चालतात.

हा दहा हजारांचा आकडा चरकसंहितेतला नाही. 1965 साली जपानमध्ये पावलं मोजण्याचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. आकडा आधी यंत्राच्या नावात आला. शास्त्र मागून धापा टाकत आलं. पण हे मी कुणाला सांगितलं नाही. बसलेल्या माणसाने चालणाऱ्याला असं काही सांगू नये. चप्पल त्याच्या पायात असते.

सात वाजता हिरवळीवर हास्यमंडळ भरतं. (हिरवळीवर बसू नये, हसायला परवानगी आहे.) वीस-बावीस माणसं गोलात उभी राहतात, हात वर करतात आणि एकदम खदखदा हसतात. पहिल्या दिवशी मी दचकून मागे वळून बघितलं, की माझ्या पाठीशी काय झालं. काहीच झालं नव्हतं. ही पद्धत मूळची मुंबईची. 13 मार्च 1995 ला डॉ. मदन कटारिया यांनी अंधेरीच्या एका बागेत पाच माणसं जमवून पहिला हास्यक्लब सुरू केला. आधी तिथे रीतसर विनोद सांगत. दोन आठवड्यांत चांगले विनोद संपले, उरलेल्यांवरून कुरबुरी व्हायला लागल्या. मग ठरलं की विनोद वगळायचा आणि नुसतं हसायचं. पुढे आपल्या वाहिन्यांवरच्या विनोदी कार्यक्रमांनीही हाच मार्ग धरला.

हास्यमंडळाच्या मागे कण्हेरीचं कुंपण आहे. त्याच्या बुडाशी त्याच वेळी दुसरं मंडळ भरतं, सातभाईंचं. मातकट रंगाचे, डोळ्यांत पिवळसर राग, सदैव आंघोळ न केल्यासारखे दिसणारे हे पक्षी टोळीने येतात, पाचोळा उलटापालटा करतात आणि अखंड कलकलाट करतात. सगळे खाली चरत असताना एक जण वर फांदीवर पहाऱ्याला. मांजर दिसलं की तो ओरडतो, मग सगळे ओरडतात, मांजर गेल्यावर मांजर कुणामुळे आलं यावर ओरडतात. गंमत बघा, याच पक्ष्यांना हिंदीत आणि इंग्रजीत सात बहिणी म्हणतात. एकत्र राहायचं, एका पानात खायचं आणि दिवसभर भांडायचं, हे बघून मराठीला मात्र बहिणी आठवल्या नाहीत. तिने सातबाराचे दावे पाहिलेले आहेत.

झाडांकडे बघून मी स्वतःला धीर दिला. बागेतल्या निम्म्या झाडांना मूळ गाव विचारायची सोय नाही. माझ्यावर सावली धरणारा रेन ट्री दक्षिण अमेरिकेतला, फाटकाशी मिरवणारा गुलमोहर मादागास्करचा, आणि भिंतीलगत शिस्तीत उभा असलेला अशोक तर अशोकच नाही. इतक्या वर्षांत त्यांना 'मग?' असं कुणी विचारलेलं नाही. पलीकडे सारसबागेत, जिथे एकेकाळी पेशव्यांचं तळं होतं, तिथे 1784 साली सवाई माधवरावांच्या काळात गणपती बसला तो बसलेलाच आहे. उलट थंडी पडली की लोक त्याला स्वेटर आणि कानटोपी घालतात. बसावं तर असं.

गणपतीच्या स्वेटरवरून हस्की आठवला. जानेवारीत एक बाई रोज हस्की घेऊन यायच्या. बर्फात गाड्या ओढणाऱ्या जातीच्या या प्राण्याला पुण्याची थंडी बाधू नये म्हणून लाल स्वेटर असे. माझ्या बाकासमोर त्या थांबायच्या आणि म्हणायच्या, "सिट." तो माझ्याकडे बघायचा, स्वेटरकडे बघायचा आणि दहा-बारा सेकंदांनी, उपकार केल्यासारखा, बसायचा. लगेच बिस्कीट, टाळ्या, मोबाइलवर चित्रण. मी कुणी न सांगता, स्वेटर न घालता, बिस्किटाची अपेक्षा न ठेवता त्याच्यापेक्षा चांगला बसलो होतो. टाळी सोडाच, वॉचमन शिट्टी चाचपत होता.

बागेतला कायमचा कुत्रा मात्र वेगळा. वॉचमन त्याला काळ्या म्हणतो, मुलं शेरू म्हणतात, पोळी घेऊन येणाऱ्या एक मावशी बाळ म्हणतात. तो तिन्ही नावांना ओ देतो, पण आधी हाताकडे बघून. त्याच्या कानाचं टोक कापलेलं आहे, म्हणजे नसबंदी झाल्याची खूण. एवढा पक्का, न हरवणारा दाखला माझ्या एकाही फायलीत नाही. 2025 च्या ऑगस्टात सर्वोच्च न्यायालयाने 11 तारखेला दिल्लीतली सगळी मोकाट कुत्री निवाऱ्यात हलवायला सांगितली आणि 22 तारखेला, नसबंदी आणि लस झालेली कुत्री होती तिथे परत सोडा, असा बदल केला. त्या अकरा दिवसांत बागेत दोन गट पडले, एकदा दंडावर हात गेला, दोन मैत्र्या तुटल्या. काळ्याने कूससुद्धा बदलली नाही. त्याच महिन्यात दादरला कबुतरखान्यावर ताडपत्री टाकण्यावरून आणि मग ती फाडण्यावरून रणकंदन झालं, तेव्हा कबुतरं समोरच्या इमारतीच्या सज्ज्यावर बसून बघत होती. आपल्याकडे प्राण्यांवरून माणसं भांडतात तेवढी प्राणीसुद्धा भांडत नाहीत. सातभाई सोडून.

असे दोन महिने गेले. वॉचमनची नजर काही निवळेना. घसरगुंडीजवळच्या बाकावरच्या आया माझ्याकडे बघून आपापली मुलं मोजत. यावर उपाय म्हणून मी चाळीस पानी वही घेतली. मारुती चितमपल्ली वर्षानुवर्षं नवेगावबांधच्या जंगलात बसून टिपणं करत, त्यातून पक्षिकोश झाला. आपल्याला जंगल नाही, पण नळ आहे.

आणि नळ, खरं सांगतो, बघण्यासारखा होता. त्याची तोटी पूर्ण बंद होत नसे. थेंब तोंडाशी येऊन फुगायचा, लोंबायचा, क्षणभर त्यात उलटी बाग दिसायची आणि मग पडायचा. मी मोजलं, मिनिटाला अठरा. खाली सिमेंटची फुटकी खळगी, तिच्यात बोटभर पाणी, आणि खळगीतून निघालेला ओघळ कण्हेरीपर्यंत गेलेला. एवढ्या भांडवलावर तिथे अख्खं गाव चाललं होतं.

पहिली पाळी साळुंकीची. ती तोटीवर बसून वाकायची, मान आडवी करायची आणि पडता थेंब चोचीत झेलायची. दहातले सात झेलायची. हुकला की इकडेतिकडे बघायची, कुणी पाहिलं का म्हणून. मग खार. ती पाइपवरून उलटी, डोकं खाली शेपूट वर, अशी उतरायची आणि तोटीच्या तोंडाला तोंड लावायची. पाणी नाकात गेलं की शिंकायची. खार शिंकते हे मला साठाव्या वर्षी कळलं. त्यानंतर कावळा. तो सरळ पाणी प्यायला कधी आला नाही, काम घेऊन यायचा. चोचीत कुठूनतरी उचललेला शिळ्या भाकरीचा, वाळून कौल झालेला तुकडा. तो खळगीत ठेवायचा, बाजूला उभा राहायचा, दोनदा उलटवायचा, मऊ झाला का बघायचा आणि मगच खायचा. चहात खारी बुडवून खाणाऱ्या माणसाची सगळी एकाग्रता त्याच्या चेहऱ्यावर असे. ओघळाच्या कडेला कुंभारीण माशी चिखलाची गोळी वळायची, जबड्यात धरून उडायची आणि जाहिरातीच्या फलकामागे चाललेल्या आपल्या मडक्यावर लावायची. ऊन चढलं की पिवळी फुलपाखरं त्याच ओल्या मातीवर सोंडा टेकून रांगेत बसत. सगळ्यात शेवटी काळ्या. तो खळगी चाटून लख्ख करायचा. मग अकरा वाजता बाग बंद होई आणि चार वाजेपर्यंत नळ कुणाचा असे, ते मला माहीत नाही. त्या वेळेत आत राहायला कान कापून घ्यावा लागतो.

हे सगळं मी वहीत लिहीत होतो. 'स. 7.10, नळ, साळुंक्या 2. स. 7.25, नळ, खार, शिंक.' एका सकाळी शेवयावाल्या आजी बाकामागून डोकावल्या.

"नळाचं लिहिताय ना? बरं झालं बाई. सहा महिने गळतोय मेला."

मी खुलासा करायला तोंड उघडलं तोवर बातमी हास्यमंडळापर्यंत पोचली होती. त्या दिवसापासून मी पालिकेचा माणूस झालो. वॉचमनने मला प्रथमच नमस्कार केला. आयांनी मुलं मोजणं थांबवलं. चालणारे बाकाशी पावलं कमी करून, पण घड्याळ बंद पडणार नाही इतपतच, तक्रारी सोडून जाऊ लागले. तिसरा झोका करकरतो. कोपऱ्यातला दिवा दिवसा लागतो. ते उलटं फिरणारे गृहस्थ, त्यांचं काहीतरी बघा. उलटं फिरणारे गृहस्थ येऊन म्हणाले, हे सगळे उलटे फिरतात, त्यांचं बघा. मी लिहून घेत होतो. दोन महिने ज्या बाकावर मी संशयित होतो, तिथेच वही उघडताच अधिकारी झालो. मधे बदललं काय, तर अकरा रुपयांची वही.

एका सद्‌गृहस्थांनी आवाज खाली आणला. "ती जोडपी. पलीकडच्या बाकांवरची. त्यांच्याबद्दल लिहा."

"काय लिहू?"

"बसतात."

"आणि?"

"आणि काय? नुसती बसतात हो! तास तास!"

मी मान वर करून पलीकडे बघितलं. मुलीने चेहऱ्याला ओढणी बांधलेली, मुलगा बुटाच्या नाडीशी खेळणारा, मधे बंद डबा. अख्ख्या बागेत माझ्या पंथाची तेवढीच माणसं होती. मी हसलो. त्यांनी ताबडतोब बाक बदलला.

मग अर्ज तयार झाला. 'विषय: उद्यानातील गळक्या नळाबाबत.' भाषा इतकी करारी होती, की नळाने वाचली असती तर तो आपोआप बंद झाला असता. पाण्याचा अपव्यय, डासांची पैदास, सामाजिक भान. त्रेचाळीस सह्या. शेवटी कागद माझ्यापुढे आला.

"तुमची सही हवी. तुम्हीच तर शोधून काढलंत."

आता इथे एखाद्या बाणेदार माणसाने उभं राहून सांगितलं असतं की या नळावर दोन साळुंक्या, एक खार, एक कावळा, एक माशी आणि एक कुत्रा यांचा चरितार्थ आहे. मी सही केली. चव्वेचाळिसावी. ठळक, आणि खाली तारीख.

सरकारी काम आणि सहा महिने थांब, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती खोटी पाडायला नेमका हाच नळ सापडला. आठव्या दिवशी दोन माणसं आली, पान्याने जुनी तोटी काढली, नवी पितळी बसवली, खळगी सिमेंटने बुजवून गुळगुळीत केली, आणि पाऊण तासात गेलीसुद्धा. हास्यमंडळाने त्या दिवशी विशेष हास्य केलं. एप्रिलचा दुसरा आठवडा होता.

दुसऱ्या दिवशी सात दहाला साळुंकी आली. तोटीवर बसली, वाकली, मान आडवी करून चोच उघडून थांबली. बराच वेळ थांबली. मग तोटीच्या आत एक डोळा लावून बघितलं. दुसरा डोळा लावून बघितलं. खार उतरली, तोंड लावलं, शिंक न येताच वर गेली. कावळा भाकरी घेऊन आला, ती सिमेंटवर ठेवली, उलटवली, पुन्हा उलटवली. मग भाकरी तिथेच टाकून तो माझ्या बाकाच्या पाठीवर, 'कै.'वर, येऊन बसला आणि माझ्या कानाशी ओरडला.

इथे थोडं शास्त्र सांगायला हवं. अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या विद्यापीठात जॉन मार्झलफ नावाच्या प्राध्यापकांनी 2006 साली गुहामानवाचा मुखवटा घालून काही कावळे पकडले, पायात कड्या घातल्या आणि सोडून दिले. त्यानंतर वर्षानुवर्षं तो मुखवटा घालून कुणीही आवारात फिरलं की कावळे त्याच्या डोक्यावर घिरट्या घालून शिव्या देत. जे कधी पकडले गेले नव्हते तेसुद्धा. तुलनेसाठी दुसरा एक मुखवटा होता, अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष डिक चेनी यांचा. त्याला कावळ्यांनी काही केलं नाही. कावळ्यांच्या राजकीय समजेविषयी मी बोलत नाही, पण चेहऱ्याच्या स्मरणशक्तीविषयी वाद नको. त्यातून मी मुखवटाही घातला नव्हता.

आणि कावळ्याशी वैर आपल्याला परवडत नाही. वर्षभर हुसकलेल्या या पक्ष्यासाठी दशक्रियेला ओंकारेश्वराच्या घाटावर भल्याभल्यांची मुलं ताटकळत उभी असतात. उद्या माझ्या पिंडाशी हा येईल, एक डोळा लावून बघेल आणि म्हणेल, अच्छा, सही करणारा.

तिसऱ्या दिवशी मी कुंभाराकडून मातीचा पसरट परळ आणला. नवीन तोटीतून बाटली भरायची, बाकामागच्या सावलीत परळात ओतायची, इतकंच. पहिल्या दिवशी कुणी फिरकलं नाही. दुसऱ्या दिवशी साळुंकी काठावर बसली, पण थेंब पडेना म्हणून गोंधळली; पाणी एवढं एकदम समोर असू शकतं यावर तिचा विश्वास नव्हता. कावळ्याने भाकरी बुडवून प्रश्न सोडवला. सगळं पाणी गढूळ झालं. मग मी दुसरा परळ आणला, एक पिणाऱ्यांसाठी, एक बुडवणाऱ्यांसाठी. ही विभागणी फक्त मला कळते.

वॉचमन भलताच खूश झाला. "हे बेस केलंत काका. काम लागलं तुम्हाला."

लागलंच. मी आता 'पाणीवाले काका' आहे. परळातलं पाणी रोज बदलतो का, अशी चौकशी डासांच्या वतीने होते. पोळीवाल्या मावशींनी दुसऱ्या एका बागेतल्या परळांचा फोटो दाखवून तिथे चार आहेत असं सुनावलं. हास्यमंडळाच्या गटावर माझा वाकून पाणी ओततानाचा फोटो फिरला. मी पाठमोरा आहे आणि तो चांगला आलेला नाही. एका कुटुंबाने दोन परळ देणगी देण्याची तयारी दाखवली, काठावर 'कै.' घालून मिळेल का एवढीच अट. उलटं फिरणारे गृहस्थ आता एका फेरीत दोनदा विचारतात, "भरलं का पाणी?" आणि नव्या तोटीपासून परळापर्यंत, परळापासून तोटीपर्यंत, बाटली एक लिटरची, परळ दोन, उन्हाळा कडक, असं करता करता माझं रोजचं चालणं पाऊण तासाच्या वर जातं. साखर उतरली आहे. डॉक्टर म्हणाले, "बघा, मी सांगितलं होतं." वही अकराव्या पानावर थांबली आहे.

काल मला वीस मिनिटं उशीर झाला. फाटकातच कोकिळाचा आवाज टिपेला पोचला होता, ऊन पिवळं होऊन अंगावर येत होतं. वॉचमन झाडू घेऊन उभा.

"काय काका, आज लेट? तो मघाधरनं बोंबलतोय."

कावळा नियमांच्या पाटीवर बसला होता. मी धावत, अक्षरशः धावत, बाटली भरली, परळ विसळले, दोन्ही भरले आणि धाप लागली म्हणून मागे वळलो. बाकावर काळ्या ताणून झोपला होता, चारही पाय हवेत, कापलेला कान 'कै.'ला टेकवून. वॉचमन त्याची झोप मोडू नये अशा बेताने, हलक्या हाताने, बाकाभोवतून झाडत होता.